दोन खुणा आणि मोकळी जागा: बॅबिलोनी पद्धतीने संख्या लिहायला शिका

गणपतीच्या मूर्तीसाठी आणलेली शाडू माती घरात लिंबाएवढी जरी उरली असेल तरी आजचं काम भागेल. वाळून खडखडीत झाली असेल तर पाणी शिंपडा आणि रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दुसरी गरज बोरूची. बॅबिलोनी लेखनिक नदीकाठचा बोरूच वापरत, पण त्याचं टोक आपल्या बोरूसारखं शाईत बुडवण्यासाठी नव्हे, तर मातीत दाबण्यासाठी छाटलेलं असे. आपल्याला आइस्क्रीमची काडी चालेल. तिचं गोल टोक ब्लेडने सरळ कापा म्हणजे दोन धारदार कोपरे मिळतील. चायनीजसोबत येणाऱ्या चौकोनी टोकाच्या लाकडी काड्या तर उत्तमच.

कागद-पेन्सिलीवरही हे शिकता येतं, पण पहिला तास तरी मातीवर काढा. या अंकांचा आकार कुणी कागदावर बसून ठरवलेला नाही. ओल्या मातीत काडीचा कोपरा दाबला की जे उमटतं तोच अंक. कीलाकार लिपी हे नावही त्यावरूनच पडलं, कील म्हणजे खिळा.

काळ आणि जागा थोडक्यात सांगतो. युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांमधला प्रदेश, म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. इथे सांगितलेली पद्धत इसवी सनपूर्व २००० ते १६०० या काळात तिथल्या लेखनशाळांमध्ये पूर्णपणे रुळलेली होती. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच काळातला.

पाटी आणि दोन ठसे

माती मळून तळहातावर मावेल अशी गोल, बोटभर जाडीची वडी थापा. शाळेतली मुलं नेमक्या अशाच गोल पाट्यांवर सराव करत. वरचा भाग ओल्या बोटाने गुळगुळीत करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. माती बोटाला चिकटायची थांबली, पण नख सहज रुततंय, अशी अवस्था हवी.

आता काडी लेखणीसारखी धरून ओढायची नाही. चूक इथेच होते. माझी पहिली पाटी म्हणजे मांजराने ओरबाडल्यासारखी दिसत होती, कारण हात सवयीने रेघा मारत होता. काडी पाटीशी तिरकी धरा, टोकाचा एक कोपरा मातीत दाबा, त्यामागची कड हलकेच टेकू द्या आणि सरळ वर उचला. वर रुंद डोकं आणि खाली निमुळती शेपटी असा उभा ठसा उमटेल. हा झाला एक. मी याला खिळा म्हणणार आहे.

दुसरा ठसा थोडा हट्टी आहे. काडी हातात फिरवून अशी धरा की कड मातीला लागणारच नाही, फक्त कोपरा रुतेल. टोक डावीकडे आणि तोंड उजवीकडे उघडं, असा रुंद कोन दिसला पाहिजे. हा झाला दहा. याला कोन म्हणू. शेपटी उमटली तर काडी आणखी उभी करा. दहा-बारा प्रयत्नांत मनगटाला अंदाज येतो.

छापील अक्षरांत दाखवण्यासाठी मी खिळ्याला । आणि कोनाला ‹ अशी खूण वापरतो आहे. साठा उत्तरांची कहाणी आपल्याकडे पाचा उत्तरी संपते, इथे साठाची सगळी कहाणी या दोन खुणांत उरकते.

एक ते एकोणसाठ

इथपर्यंत डोकं चालवायची गरजच नाही. जितके दशक तितके कोन, जितके एकक तितके खिळे, कोन डावीकडे आणि खिळे उजवीकडे.

१२ म्हणजे ‹।।
२३ म्हणजे ‹‹।।।
४५ म्हणजे ‹‹‹‹।।।।।

फक्त खिळे एका ओळीत लांबच लांब मांडायचे नाहीत. तीनपर्यंत एका ओळीत, त्यापुढे खाली दुसरी ओळ आणि मग तिसरी. म्हणजे ५ हा वर तीन, खाली दोन. ७ हा तीन, तीन, एक. ९ हा तीन-तीन-तीन असा चौरस गठ्ठा. डोळा एका नजरेत तीन-चारच वस्तू मोजू शकतो, म्हणून ही सोय. कोनांचंही तसंच: ३० पर्यंत तीन कोन शेजारी शेजारी, ४० आणि ५० ला उरलेले खाली.

एकोणीस हा अपवाद मजेशीर आहे. एक कोन आणि नऊ खिळे ठोकण्याऐवजी लेखनिक पुष्कळदा 'वीस उणे एक' असं लिहीत. मध्ये 'उणे' या अर्थाची एक वेगळी खूण असे. आपल्याला यात नवल वाटू नये. 'एकोणीस' या शब्दातही वीसच लपलेला आहे.

सराव म्हणून १ ते ५९ मधल्या पाच-सहा संख्या पाटीवर उमटवा. ५९ नक्की करून पाहा: पाच कोन आणि नऊ खिळे, एकूण चौदा ठसे. सगळ्यात जास्त ठसे लागणारा अंक हाच.

साठला काय करायचं

आपल्याकडे दहा एकक झाले की एक दशक होतो. इथे नियम दोन टप्प्यांत चालतो: दहा खिळे झाले की त्यांचा एक कोन, आणि सहा कोन झाले की डावीकडच्या घरात एक खिळा. म्हणजे ६० साठी नवी खूण नाहीच, पुन्हा तोच खिळा. स्थानिक किंमत शाळेत एकक, दशक, शतक अशी शिकलो, ती इथे एक, साठ, छत्तीसशे, दोन लाख सोळा हजार अशी वाढत जाते. मोठं घर डावीकडे, लहान उजवीकडे, आपल्यासारखंच.

आधुनिक लिप्यंतरात घरांमध्ये स्वल्पविराम देण्याची रीत ओटो नॉयगेबाउअर या गणित-इतिहासकाराने रुळवली. आपल्या लाख-हजारांच्या स्वल्पविरामाशी घोळ नको म्हणून मी घड्याळासारखे दोन टिंब देतो आहे: ३:३१:४९ असं. अपूर्णांक सुरू होतो तिथे त्याचाच अर्धविराम. मात्र हे टिंब, हा अर्धविराम आपल्यासाठी आहे. पाटीवर यातलं काहीही उमटवायचं नाही.

आता १२७०९ ही संख्या लिहू. सारखं साठने भागत जायचं आणि बाकी टिपून ठेवायची.

१२७०९ ला ६० ने भागलं: भागाकार २११, बाकी ४९.
२११ ला ६० ने भागलं: भागाकार ३, बाकी ३१.
३ हा साठपेक्षा लहान, थांबा.

बाक्या उलट क्रमाने वाचा: ३:३१:४९. पाटीवर डावीकडून तीन खिळे, मग जागा सोडून तीन कोन एक खिळा, पुन्हा जागा सोडून चार कोन नऊ खिळे:

।।।   ‹‹‹।   ‹‹‹‹।।।।।।।।।

ताळा करायचा तर डावीकडून सुरू करा. ३ ला ६० ने गुणून ३१ मिळवा, २११. त्याला ६० ने गुणून ४९ मिळवा, १२७०९. ही संख्या मी उगाच घेतलेली नाही, प्लिम्प्टन ३२२ या प्रसिद्ध पाटीवर ती याच रूपात आहे. त्या पाटीकडे शेवटी येऊ.

आपल्या 'गोल' संख्या तिथे किती ओबडधोबड दिसतात हेही करून पाहा. एक हजार म्हणजे १६:४०, दहा हजार म्हणजे २:४६:४०, एक लाख म्हणजे २७:४६:४० आणि दहा लाख म्हणजे ४:३७:४६:४०. दहा हजारापासून शेपटी तीच राहते. का, ते भागाकार करताना दिसेल. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं.

उलट दिवसाचे सेकंद ८६४०० घ्या: २४:०:०. तिथे हीच संख्या गोल.

रोजच्या कर्जरोख्यांत आणि पावत्यांत मात्र लेखनिक नेहमी ही पद्धत वापरत नसत. तिथे शंभरासाठी 'मेअत' आणि हजारासाठी 'लिम' हे तिथल्या अक्कादी भाषेतले शब्द लिहून सरळ काम भागवत. घरांची ही पद्धत मुख्यतः आकडेमोडीची, शाळेची आणि पुढे खगोलगणिताची.

मोकळी जागा

दोन खुणा शिकायला अर्धा तास लागतो. जागा सोडायला शिकायला मात्र वेळ लागतो, आणि या पद्धतीची सगळी मेख तिथेच आहे.

दोन खिळे चिकटून उमटवले तर ते २. मध्ये थोडी जागा सोडली तर १:१, म्हणजे ६१. आणखी जास्त जागा सोडली तर मधलं एक घर रिकामं, १:०:१, म्हणजे ३६०१. ठसे तेच, फरक फक्त मोकळ्या मातीचा.

।।
।   ।
।         ।

तसंच ‹। हे ११ असेल किंवा १०:१, म्हणजे ६०१. एकाच घरात कोन नेहमी खिळ्यांच्या डावीकडेच असतात. त्यामुळे खिळ्यानंतर कोन आला की तिथे नवं घर सुरू झालं हे निश्चित. ।‹ हे चिकटून लिहिलं तरी १:१० म्हणजे ७० असंच वाचावं लागतं. धोका असतो तो खिळ्यापुढे खिळा, कोनापुढे कोन किंवा कोनापुढे खिळा आला की. लिहिताना नेमक्या या तीन ठिकाणी सढळ जागा सोडा, बाकीच्या जागी घट्ट लिहिलं तरी चालतं.

प्राचीन काळात मधल्या रिकाम्या घरासाठी खूणच नव्हती. लेखनिक जागा सोडत, आणि कधी कधी तीही सोडत नसत. पुढे इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास, सेल्युकिड या ग्रीक घराण्याच्या राजवटीतल्या खगोलाच्या पाट्यांवर रिकाम्या घरासाठी दोन तिरके खिळे येतात. तुम्हाला सोपं हवं असेल तर ती खूण वापरा, पण मग तुमची पाटी हम्मुराबीच्या काळातली राहणार नाही, चौदा-पंधराशे वर्षांनी अलीकडची होईल. ती खूण फक्त रिकामी जागा राखत होती, तिच्याशी बेरीज-वजाबाकी कुणी करत नव्हतं.

शेवटच्या शून्यासाठी तर तीही वापरत नसत. त्यामुळे एकटा खिळा १ असू शकतो, ६० असू शकतो, ३६०० असू शकतो, आणि साठावा भागही असू शकतो. नवशिक्याला हे अर्धवट वाटतं. मला ते बाजारातल्या बोलण्यासारखं वाटतं. भाजीवाली 'तीस' म्हणाली की ते पाव किलोचे, हे समजून घ्यायला कागद लागत नाही. घर विकणारा 'तीस' म्हणाला तर तीस रुपये कुणी काढून ठेवत नाही. आकडा पाटीवर, त्याचा आवाका डोक्यात.

अपूर्णांक

साठच्या घरांचं खरं सुख इथे आहे. अर्धा म्हणजे साठातले तीस: ०;३०. पाटीवर फक्त तीन कोन. पाव म्हणजे १५, पाऊण म्हणजे ४५, तिसरा हिस्सा २०, पाचवा हिस्सा १२. आठवा हिस्सा साडेसात, म्हणजे ७:३०. तिसरा हिस्सा दशांशात लिहायला गेलं की ०.३३३३ असं कधीच संपत नाही, इथे दोन कोनांत संपतो.

दशांश अपूर्णांक बदलायचा असेल तर भागायचं नाही, साठने गुणत जायचं आणि पूर्णांक उचलत जायचा. दोनचं वर्गमूळ घ्या, १.४१४२१३५६.

०.४१४२१३५६ गुणिले ६०: २४.८५२८१… , २४ उचला.
०.८५२८१ गुणिले ६०: ५१.१६८… , ५१ उचला.
०.१६८ गुणिले ६०: १०.१… , १० उचला.

उत्तर १;२४:५१:१०. आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहातली वाय.बी.सी. ७२८९ ही पाटी पाहा. आपण थापली तशीच गोल, हातात मावणारी. तिच्यावर एक चौरस आणि त्याचे दोन कर्ण कोरलेत. बाजूवर तीन कोन, म्हणजे ३०. कर्णावर १:२४:५१:१०. खाली ४२:२५:३५, जो ३० ला वरच्या संख्येने गुणून येतो. दशांशात त्यांची किंमत १.४१४२१२९६ पडते, चूक सहाव्या दशांश स्थळापुढची. एवढ्या मजकुरासाठी तुमच्याकडे माती आहे, काडी आहे. हीच पाटी तयार करा, याहून चांगला सराव नाही.

सातवा हिस्सा मात्र बसत नाही. तो ८:३४:१७, ८:३४:१७ असा फिरत राहतो. २, ३ आणि ५ याखेरीज दुसरा मूळ अवयव असलेल्या कुठल्याही संख्येची हीच गत. बॅबिलोनी शाळेत व्यस्तांचं, म्हणजे गुणाकार साठ येणाऱ्या जोड्यांचं, कोष्टक पाठ करावं लागे: २ चा व्यस्त ३०, ३ चा २०, ४ चा १५, ५ चा १२, ६ चा १०, ८ चा ७:३०, ९ चा ६:४०. मध्ये ७ ला सरळ गाळलेलं असे.

हे कोष्टक भागाकारासाठी. ५० ला ८ ने भागायचं तर ५० ला ७:३० ने गुणायचं. पन्नास साडेसाते पावणेचारशे, म्हणजे ६:१५, आणि आवाका डोक्यात ठेवला तर ६;१५. सव्वासहा. झालं. ज्यांच्या घरी आजोबांनी पावकी, दिडकी, औटकी घोकून घेतली असेल त्यांना या शाळेत बसायला वेळ लागला नसता. तिथल्या पाढ्यांतही साडेसाताचा, साडेबाराचा पाढा होता. एकेक पाढा १ ते २० आणि मग ३०, ४०, ५० असा चाले, मधलं बेरजेने काढायचं. चव्वेचाळीस-सव्वीस-चाळीस असा एक भयंकर पाढाही होता, कारण तो ८१ चा व्यस्त आहे. त्या मुलांबद्दल मला सहानुभूती आहे.

बेरीज करताना फक्त हातचा साठला घ्यायचा. १:४५:५० मध्ये ३८:२५ मिळवा. ५० आणि २५ पंच्याहत्तर, १५ लिहा, हातचा एक. ४५, ३८ आणि एक चौऱ्याऐंशी, २४ लिहा, हातचा एक. उत्तर २:२४:१५. पंचांगातल्या घटी-पळांची बेरीज करणाऱ्याला हे नवीन नाही, तिथेही साठ पळांची एक घटी. अंश, कला, विकला ही वर्तुळाची साठासाठाची विभागणी तर ग्रीक ज्योतिर्गणितातून आपल्यापर्यंत आली, आणि ग्रीकांनी ती बॅबिलोनकडून उचलली.

लिहिता आलं, आता वाचून पाहा

लार्सा या जुन्या शहराच्या अवशेषांत, सेनकेरे इथे, १८५४ मध्ये सापडलेल्या पाट्यांवर एका रांगेत १:४, १:२१, १:४०, २:१ अशा संख्या होत्या. साठने गुणून वाचा: ६४, ८१, १००, १२१. आठ, नऊ, दहा, अकराचे वर्ग. पुढे ५९ पर्यंत. ५९ चा वर्ग पाटीवर कसा दिसेल ते आधी स्वतः काढा, मग पुढे वाचा. ५८:१. पाच कोन आठ खिळे, आणि मग एकटा खिळा. इथे जागा सोडायला विसरलात तर तो सरळ ५९ वाचला जाईल, वर्ग जाऊन मूळ संख्याच हातात.

आता प्लिम्प्टन ३२२. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असलेली ही पाटीही लार्साचीच मानतात. तिच्यावर काटकोन त्रिकोणांच्या बाजूंच्या पंधरा ओळी आहेत. पहिल्या ओळीत १:५९ आणि २:४९, म्हणजे ११९ आणि १६९. तिसरी बाजू १२० धरली की त्रिकोण जुळतो. नवव्या ओळीत ९:१ आणि १२:४९ आहे. वाचा: ५४१ आणि ७६९. तिसरी बाजू ६०० यायला हवी, पण येत नाही. पहिल्या संख्येच्या जागी ८:१, म्हणजे ४८१ ठेवून पाहा: ४८१ चा वर्ग आणि ६०० चा वर्ग मिळून नेमका ७६९ चा वर्ग होतो. लेखनिकाच्या हातून एक खिळा जास्त पडला. नऊचा गठ्ठा आणि आठचा गठ्ठा यात शेवटच्या ओळीत एकाच ठशाचा फरक आहे, हे तुम्ही आता मातीवर करून पाहिलेलंच आहे.

तुमची पाटी ठेवायची असेल तर सावलीत, कागदावर, सावकाश वाळवा. मी घाईने पंख्याखाली ठेवली आणि दोनच्या वर्गमूळातून आडवी भेग गेली. दोन्ही बाजूंना लिहिणार असाल तर पाटी पुस्तकाच्या पानासारखी उलटू नका. खालच्या कडेवरून उभी उलटा, मेसोपोटेमियात तशीच रीत होती. आणि चुकलीच तर भाजायची नाही, बादलीत टाकायची. निप्पुर या तिथल्याच जुन्या शहरातल्या एका शाळाघरात मुलांच्या पाट्या भिजवून पुन्हा माती करायची कुंडी उत्खननात सापडली आहे. शाडू रात्रभरात विरघळते. सकाळी वरचं पाणी काढून टाका, माती फडक्यावर निथळायला ठेवा, आणि दुपारी पुन्हा थापा.